जुना लॅपटॉप, साधं सॉफ्टवेअर आणि निवांत गेम्स: नेट गेलं तरी चालणारा सेटअप

सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवायची माझी एकच पद्धत आहे, वायफाय बंद करायचं आणि बघायचं ते चालतंय का. लॉगिन मागत बसलं, नुसतं गोल फिरत राहिलं, "कनेक्शन तपासा" म्हणालं की काढून टाकायचं. पुण्यामुंबईत ही अट जरा अति वाटेल पण आमच्या वेंगुर्ल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट आणि नेट दोन्ही कधी जातील ते सांगता येत नाही, माडाची एक झावळी तारेवर पडली की अख्खी वाडी अंधारात, आणि टॉवरची बॅटरी संपली की मोबाईलचं नेटपण गेलं. अशा ठिकाणी ज्याला सतत इंटरनेट लागतं ते सॉफ्टवेअर कितीही भारी असलं तरी आपल्या काय कामाचं?

तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांच्या घरी एखादा सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप कपाटात पडलाय आणि तो कामाला लावायचाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ जुन्या मशीनवर बसत नाही, म्हणून लोक चांगले चालते लॅपटॉप भंगारात देतायत. देऊ नका. त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम घालायची, आणि टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीला, हात न लावता हे सगळं कसं करायचं ते क्रमाने सांगतो, आणि त्यावर मी काय वापरतो, कुठले गेम खेळतो तेपण. गेम्सवर जरा जास्त बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं: मशीन बघून घ्या

तीन गोष्टी बघायच्या. रॅम किती, प्रोसेसर ६४ बिट आहे का, आणि आत हार्डडिस्क आहे की एसएसडी. विंडोज चालू होत असेल तर सेटिंग्जमधे सिस्टिम, मग अबाउट, तिथे पहिल्या दोन गोष्टी कळतात. ४ जीबी रॅम असेल तर रोजच्या कामाला पुरते, २ जीबी असेल तरी अगदी हलकी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा एक प्रकार) घालून लिहिणं, गाणी, पत्ते एवढं होतं, फक्त ब्राउझरचे टॅब मोजून उघडायचे.

जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी ती काढून २.५ इंची साटा एसएसडी टाका. हा एकच खर्च मी आवर्जून करायला सांगतो, कारण लॅपटॉप स्लो वाटण्याचं खरं कारण नव्वद टक्के वेळा डिस्कच असते, प्रोसेसर बिचारा ठीक असतो. रोजच्या वापराला २४० जीबीची पुष्कळ झाली. रॅमचा एक स्लॉट रिकामा असेल तर त्यातपण एक ४ जीबीची पट्टी टाकून घ्या, दुरुस्तीवाल्याकडे जुन्या काढलेल्या पट्ट्या मिळतात.

आणि मागचं झाकण उघडलंच आहे तर खाऱ्या हवेने काय केलंय ते बघा. समुद्रापासून जवळ घर असेल तर यूएसबी पोर्टच्या धातूवर, स्क्रूच्या डोक्यांवर गंज दिसतो, रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर दिसतो. रॅम काढून ती पट्टी साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायची, कण झटकायचे, परत बसवायची. "लॅपटॉप चालूच होत नाही" म्हणून आणून दिलेली बरीच मशिन्स एवढ्यावरच उठतात. हे सगळं करताना चार्जर काढलेला पाहिजे, बॅटरी सुटी होत असेल तर तीपण काढा.

दुसरं: कुठली लिनक्स घ्यायची

यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सरळ आहे, ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई एडिशन, त्याहून कमी असेल तर एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स एडिशन किंवा अँटीएक्स. बास. प्रोसेसर ३२ बिट असेल तर यातली अँटीएक्सच बघा, कारण डेबियनने, ज्यावर एमएक्स आणि अँटीएक्स बेतलेल्या आहेत, २०२५ च्या १३ नंबरच्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, बाकीचेपण हळूहळू तेच करतायत.

एक्सएफसीई म्हणजे डेस्कटॉपचा दिसणारा भाग, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. १९९६ पासून चालू असलेला प्रोजेक्ट आहे आणि गेली कित्येक वर्षं तो जवळपास तसाच दिसतो, हे मला फार आवडतं. दरवर्षी बटणं इकडची तिकडे करायची हौस त्यांना नाही. ज्यांनी विंडोज एक्सपी वापरलंय त्यांना दहा मिनिटांत सवय होते, माझ्या काकांना तर लिनक्स आहे हे सांगितलंच नाही मी, ते म्हणाले रंग चांगला आहे.

मिंटची २२ ची मालिका २०२९ पर्यंत सपोर्टमधे आहे. अपडेट येतात पण जबरदस्ती नसते, तुम्ही बटण दाबाल तेव्हाच डाउनलोड होतात, आणि बंद करताना "थांबा, अपडेट चालू आहे" असलं काही नसतं. इन्व्हर्टरची बॅटरी शेवटच्या काठीवर असताना याची किंमत कळते.

एक प्रामाणिक सूचना. टॅलीवर हिशोब असेल, ऑफिसचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल किंवा बोटाचा ठसा घेणारं मशीन जोडायचं असेल तर विंडोज काढू नका, शेजारी लिनक्स टाका. ती कामं लिनक्सवर जमवत बसण्यात अर्थ नाही.

तिसरं: डाउनलोड आणि पेनड्राइव्ह

मिंट एक्सएफसीईची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एका फाइलमधे, ३ जीबीच्या आसपास असते. ब्राउझरने थेट डाउनलोड करायला गेलात आणि नव्वद टक्क्यावर नेट गेलं की परत पहिल्यापासून, म्हणून टॉरेंट वापरा. टॉरेंट म्हटलं की लोक दचकतात, चोरीचे पिक्चर वगैरे आठवतात, पण मिंटच्या साइटवर अधिकृत टॉरेंट फाइल दिलेली असते. नेट तुटलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो, म्हणजे फाइल अर्धवट खराब उतरण्याची भीती नाही. रात्री लावून झोपा, सकाळपर्यंत उतरते. अगदीच रेंज नसेल तर तालुक्याला कुणा मित्राकडे उतरवून घ्या.

मग कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यातलं सगळं जाणार हे धरूनच. बलेना एचर नावाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, त्यात फाइल निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, फ्लॅश दाबायचं, तीनच बटणं आहेत. गावातल्या चार जणांची मशिन्स करणार असाल तर व्हेंटॉय बघा, त्यात पेनड्राइव्ह एकदा तयार केला की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करून टाकायच्या, चालू करताना यादी येते त्यातली निवडायची. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात तसा एक कायम असतो.

चौथं: आधी चालवून बघा, मगच घाला

त्याआधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. आणि विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का ते बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर विंडोज तीच मागत बसतं.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं. लेनोवो, डेल, एसर यांच्यावर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरून चालू होतं, तुमच्या डिस्कला काही होत नाही. आता घाई न करता सगळं तपासा. आवाज येतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, टचपॅड, कॅमेरा, झाकण मिटून उघडलं की परत जागा होतो का.

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. काही कार्डांचे ड्रायव्हर सोबत येत नाहीत. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते साधं वायरचं नेट वाटतं आणि लगेच चालतं. मग मेनूमधे ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की ते स्वतःच सांगतं कुठला ड्रायव्हर पाहिजे.

सगळं ठीक असेल तर डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर डबल क्लिक. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात टिक करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. मग डिस्कचा प्रश्न येतो, "इरेज डिस्क" म्हणजे सगळं पुसून फक्त लिनक्स, "अलाँगसाइड" म्हणजे विंडोजशेजारी. इथे एकच मिनिट थांबून परत वाचा आणि मग पुढे जा. एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत काम होतं. चार्जर लावलेला असू द्या, पण विजा कडकडत असतील तर हा उद्योग दुसऱ्या दिवशी करा.

पाचवं: चालू झाल्यावर लगेच करायची कामं

अपडेट मॅनेजर उघडा, तो जवळचा सर्व्हर निवडायचं विचारेल, हो म्हणा, भारतातला निवडला की बऱ्याचदा वेगात फरक पडतो. पहिलं अपडेट मोठं असतं, तेवढं चांगल्या नेटवर करून घ्या.

टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट काढून ठेवा. उद्या काही बिघडलं तर सिस्टिम त्या दिवशी होती तशी परत आणता येते. मात्र यात तुमच्या स्वतःच्या फाइली धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आता मराठी. सेटिंग्जमधे कीबोर्ड, तिथे लेआउट, सिस्टिम डिफॉल्टची टिक काढा, अ‍ॅड दाबा आणि इंडियन खाली मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट घ्या. तिथेच खाली इंग्रजी-मराठी बदलायला शॉर्टकट ठरवता येतो. इन्स्क्रिप्टला सुरुवातीला आठवडाभर वैताग येतो हे मान्य, पण स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे अशी पक्की रचना आहे, एकदा बोटात बसली की विंडोज असो, लिनक्स असो, सगळीकडे तीच. सरकारी मानक पण तेच आहे. इंग्रजी स्पेलिंगवरूनच टाइप करायचं असेल तर इनपुट मेथडमधून आयबस घ्या आणि त्याचं एम१७एन पॅकेज, त्यात मराठी फोनेटिक मिळतं. फॉन्टसाठी नोटो आणि लोहित मिंटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यात, आहेतच, मला स्वतःला मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता आवडतो, छोट्या अक्षरातपण जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

सहावं: रोजचं साधं सॉफ्टवेअर

लिहिण्यासाठी मी बहुतेक वेळा मिंटसोबत येणारा टेक्स्ट एडिटरच वापरतो. साधी टेक्स्ट फाइल वीस वर्षांनीपण कुठल्याही मशीनवर उघडेल, यापेक्षा जास्त मला काही नको असतं.

नोंदी ठेवायला झिम. हे थोडं समजून घ्या कारण मोठमोठ्या नोट्सच्या ॲपपेक्षा मला हे बरं वाटतं. वहीसारखी पानं, पानातून दुसऱ्या पानाला दुवा, आणि आत सगळं म्हणजे नुसत्या फोल्डरमधल्या टेक्स्ट फाइली. उद्या झिम बंद पडलं तरी नोंदी तुमच्याकडेच. कुठल्या हापूसच्या कलमाला मोहर कधी आला, फवारणी कधी केली, कुणाला किती पेट्या दिल्या, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती कुणी केली आणि त्याचा नंबर, असं सगळं माझं त्यात आहे. जर्नलचं प्लगिन चालू केलं की तारखेवर क्लिक करून त्या दिवसाचं पान उघडतं.

लिबरऑफिस मिंटमधे आधीच असतं. २०१० मधे ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं, आता तेच पुढे आहे. मराठी लिहिणाऱ्यांना यात एक गोष्ट हमखास छळते, फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं तशीच राहतात, साइज वाढवला तर इंग्रजी मोठं आणि मराठी आहे तेवढंच. कारण देवनागरीचा फॉन्ट आणि साइज तो वेगळा धरतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमधे जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक करा, भाषा मराठी निवडा, आणि मग रायटरच्या बेसिक फॉन्ट्समधे देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट ठरवून टाका. एकदाच करायचंय. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसणार, त्या कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात.

बाकी पटापट. व्हिडिओला व्हीएलसी, काहीही टाका चालवतं. गाण्यांना ऑडेशियस, फोल्डर ओढून टाकायचा आणि प्ले. पासवर्डला कीपासएक्ससी, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमधे आणि ती फाइल आपल्याच पेनड्राइव्हवर. फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायला वॉर्पिनेटर, मिंटमधे असतंच, फोनवर त्याचं ॲप टाकलं की एकाच राउटरवर असताना फाइली जातात, इंटरनेट नसलं तरी. ब्राउझर फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन टाकाच, जाहिराती उतरल्याच नाहीत की डेटा वाचतो आणि ४ जीबीत जीव येतो.

एक खास शिफारस, किविक्स. अख्खं मराठी विकिपीडिया एका फाइलमधे उतरवून ठेवता येतं आणि नेटशिवाय वाचता येतं, शोधासकट. घरात शाळेतली मुलं असतील तर हे पहिलं टाका. आणि ही सगळी सॉफ्टवेअर शिकायला कुणाला व्हिडिओ पाहिजे असतील तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिबरऑफिस, लिनक्स वगैरेचे मराठीतून आहेत, फुकट आहेत, आणि उतरवूनही ठेवता येतात.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधे एकच नाव दोनदा दिसेल, एक सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. डेटा कमी असेल तर सिस्टिम पॅकेजच घ्या. फ्लॅटपॅक नवीन आवृत्ती देतं पण सोबत बरंच सामान उतरवतं, छोट्या प्रोग्रामसाठी कधीकधी कितीतरी पट.

सातवं: निवांत गेम्स

मला गेममधे घाई आवडत नाही. टायमर, लाइफ संपली, रोज लॉगिन करा नाहीतर बक्षीस बुडालं, हे दिवसभराच्या कामानंतर कशाला? माझी अट अशी, मधेच झाकण मिटून मासे घ्यायला गेलो आणि तासाने परत आलो तरी गेमला फरक पडता कामा नये. जाहिरात नको, अकाउंट नको. या अटीत बसणारे ओपन सोर्स गेम बरेच आहेत, पण मी वारंवार परत जातो ते तीनच.

पहिला पायसोलएफसी. हजाराहून जास्त पत्त्यांचे एकट्याने खेळायचे खेळ एका प्रोग्राममधे. क्लोंडाइक, फ्रीसेल, स्पायडर हे सगळ्यांना माहीत असलेले आहेतच. पण मी हा घेतला तो वेगळ्या कारणाने. यात गंजिफा आहे! आपल्या सावंतवाडीचा गंजिफा, राजवाड्यात कारागीर बसून हाताने रंगवतात ते गोल पत्ते, त्यांचा दशावतारी संच आणि मुघल संच दोन्ही यात आहेत. दशावतारीत मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२०. मुघल संचात आठ रंग, ९६ पत्ते. इथल्या पोरांनी दशावतार नाटकात रात्रभर जागून अवतार बघितलेले असतात पण पत्ते फक्त शोकेसमधे बघितलेले, हात लावायला मिळत नाही, आणि तिकडे परदेशातल्या कुणीतरी ते बसून गेममधे घातलेत, हे मला भारी वाटतं.

करायचं असं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधे पायसोलएफसी शोधा, टाका, आणि कार्डसेट्सचं वेगळं पॅकेज दिसेल तेपण टाका. चालू केल्यावर वरच्या सिलेक्ट मेनूत ओरिएंटल खेळांची यादी आहे, तिथे मुघल गंजिफा आणि दशावतार गंजिफा सापडतील. आधी मुघलपासून सुरू करा, पत्ते कमी आहेत. सुरुवातीला रंग ओळखता येत नाहीत, सगळं सारखंच वाटतं, त्यामुळे हिंट दाबत दाबत दोनचार डाव खेळा. अनडू हवं तितकं करता येतं. हे लक्षात ठेवा की खरा गंजिफा तीन जणांनी हात उचलत खेळायचा खेळ आहे, इथे एकट्याने लावायचे डाव आहेत, त्यामुळे कुणी जुनं जाणकार "हे असं नसतं" म्हणालं तर ते बरोबरच आहे. स्क्रीन लहान असेल तर १२० पत्ते दाटीवाटीने बसतात, कार्डचा आकार ऑप्शन्समधून कमी करा.

दुसरा, सायमन टॅथमचा कोड्यांचा संग्रह, यादीत एसजीटी पझल्स नावाने येतो. हे तेच गृहस्थ ज्यांनी पुटी लिहिलं, सर्व्हरवाल्यांना माहीत असेल. चाळीसेक कोडी आहेत, प्रत्येक एका छोट्याशा खिडकीत, ना संगीत, ना फटाके, सुटलं की नुसता एक झगमगाट होतो आणि संपलं. एवढा साधेपणा मी दुसऱ्या कुठल्या गेममधे बघितला नाही. यातला माइन्स तर असा बनवलाय की कुठेही अंदाजाने क्लिक करावं लागत नाही, प्रत्येक डाव विचाराने सुटतोच, विंडोजच्या जुन्या माइनस्वीपरमधे शेवटच्या दोन चौकोनांवर नशिबावर सोडावं लागायचं ते आठवा.

सुरुवात नेटपासून करा, तारेचे तुकडे फिरवून सगळं जोडायचं, लहान मुलंपण करतात. मग ब्रिजेस. बेटांवर आकडे असतात, त्या बेटाला तेवढे पूल पाहिजेत, दोन बेटांमधे जास्तीत जास्त दोन, पूल एकमेकांना छेदायचे नाहीत आणि शेवटी सगळी बेटं जोडलेली पाहिजेत. खऱ्या खाडीवर एक पूल व्हायला किती वर्षं जातात ते आपल्याला माहीतच आहे, इथे चहा संपायच्या आत दहा होतात. नंतर लूपी आणि पॅटर्न. टाइप मेनूतून आकार आणि अवघडपणा बदला, पण थेट मोठ्यावर उडी मारू नका, ७ बाय ७ ची मजा वेगळी आहे.

यातली एक सोय फार लोकांना माहीत नाही. गेम मेनूत स्पेसिफिक म्हणून पर्याय आहे, तिथे चालू कोड्याचा आयडी दिसतो. तो कॉपी करून मुंबईतल्या चुलत भावाला व्हॉट्सॲपवर टाका, त्याने तिकडे चिकटवला की अगदी तेच कोडं त्याच्याकडे उघडतं. आमच्याकडे गणपतीला सगळे जमले की यावर पैज लागते. अँड्रॉइडवर पण हा संग्रह आहे, फुकट आणि बिनजाहिरातीचा, फोनवर दुसरा काही गेम नसला तरी चालेल.

तिसरा ओपनटीटीडी, आणि हा मात्र वेळ खातो, सांगून ठेवतो. १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवरून २००४ मधे सुरू झालेला प्रोजेक्ट, गावं असतात, खाणी असतात, तुम्ही रेल्वे, एसटी, बोटी चालवायच्या. जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर पळतो. पहिल्यांदा चालू केल्यावर ग्राफिक्स उतरवू का विचारलं तर हो म्हणा, ओपनजीएफएक्स नावाचा छोटा संच येतो, तेवढ्यापुरतं नेट लागतं.

मूळ गेम पैशाच्या टेन्शनचा आहे, निवांत करायचा तर सेटिंग बदलायला लागतात. नवीन गेम करताना प्रतिस्पर्धी शून्य, आपत्ती बंद, गाड्या बिघडणं बंद, महागाई बंद. नकाशा २५६ बाय २५६ पुरे, त्याहून मोठा घेतला की आपणच हरवतो. आणि सेटिंगमधे शोधून पॉज असताना सगळ्या कृती करता येतील असं करून घ्या, म्हणजे वेळ थांबवून सावकाश रूळ टाकता येतात. पहिली लाइन कोळशाची, खाणीपासून वीज केंद्रापर्यंत, मधे साठ-सत्तर चौकोन अंतर असू दे, फार जवळ असेल तर भाडंच मिळत नाही. दोन स्टेशनं, एक रूळ, एक डेपो, एक इंजिन, सातआठ डबे, खाणीवर पूर्ण भरून निघायची ऑर्डर. पैसे यायला लागले की दुसरी गाडी, आणि दुसरी गाडी आली की सिग्नल. सिग्नलमधे पाथ सिग्नल तेवढा शिका, बाकीचे प्रकार वर्षभर उघडले नाहीत तरी चालतं.

हौस वाढली की करडा नकाशा आयात करता येतो, उंच जागा पांढरी आणि समुद्र काळा अशी चित्रफाइल. त्यावर सह्याद्री आणि किनारपट्टी घेऊन कोकण रेल्वे टाकायचा प्रयत्न करून बघा. मग कळतं त्या माणसांनी काय केलंय, खरी लाइन रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, ९१ बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा, आणि २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण सुरू झाली. गेममधेपण बोगदे महाग असतात, मी शेवटी डोंगराला वळसा घालतो आणि गाडी उशिरा पोचते, तेवढं वास्तवाला धरूनच झालं.

मुलांसाठी लुआंटी बघा, आधी याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मधे बदललं, त्यामुळे सिस्टिम पॅकेजमधे जुन्या नावानेच शोधावं लागेल. ठोकळ्यांचं घर बांधायचा गेम, क्रिएटिव्ह मोड चालू आणि डॅमेज बंद ठेवलं की कुणी मरत नाही, भांडणं कमी. लहानांना टक्स पेंट. आणि मशीनचं ग्राफिक्स बरं असेल तर स्टेलेरियम टाकून ठेवा, गेम नाही पण त्याहून चांगलं आहे, ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर किनाऱ्यावर जे आकाश दिसतं त्यातलं काय काय आहे ते अंगणात बसून जुळवता येतं, ठिकाण एकदा भरलं की नेट लागत नाही.

आठवं: पावसाळ्यात मशीन टिकवणं

लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवलात तर बुरशी धरते, स्क्रीनच्या कडेला पांढरे डाग येतात. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, आतली ऊब ओल काढते. ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्यादोन महिन्याने बदला. समुद्राकडच्या खिडकीपाशी टेबल नको. वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीतून काढायचा, राउटरची लॅनची वायरपण काढायची, बऱ्याच वेळा झटका त्या वायरीतून येतो आणि लोक फक्त चार्जर काढून निश्चिंत बसतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलात तर लाईट गेली तरी फायबर चालू राहतं, अर्थात पलीकडे चालू असेल तर.

जुनी बॅटरी पाच मिनिटंच टिकत असेल तर सेटिंग्जच्या पॉवर मॅनेजरमधे बॅटरी कमी झाल्यावर आपोआप बंद होईल असं लावा. टक्केवारी जरा जास्तच ठेवा, वीसच्या आसपास, कारण जुन्या बॅटरीचे आकडे शेवटी एकदम घसरतात. ओपनटीटीडीत ऑटोसेव्ह चालू असतो, पायसोलमधे मात्र मोठा डाव असेल तर स्वतः सेव्ह करून ठेवा.